पोरीच्या लॅपटॉपला गारवा

गेमिंग लॅपटॉप या नावावरच माझा राग होता. मुलगी नागपूरला आर्किटेक्चर शिकते. घरांचे नकाशे काढायला खेळायचं यंत्र कशाला, असं मी विचारलं, तेव्हा मोठे नकाशे साध्या लॅपटॉपवर कसे अडकतात ते तिनं मला दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी मी समजल्यासारखी मान हलवली.

मागच्या मे महिन्यात ती वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घरी आली होती. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी तिला वर्षाचं शेवटचं काम संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन पाठवायचं होतं. नाही पाठवलं तर तो विषय पुढच्या वर्षी पुन्हा. दुसरीकडे ठेवलेली प्रत आठवडाभर जुनी होती, म्हणजे खरं काम त्या लॅपटॉपच्याच पोटात.

सकाळी तिनं बटण दाबलं. आतले पंखे गरजले, कीबोर्डवर लाल-निळे दिवे पळाले आणि पडदा काळा तो काळाच. वरातीची रोषणाई सगळी आली, नवरदेवाचा पत्ता नाही.

तिनं बटण बराच वेळ दाबून धरलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. टीव्हीची तार जोडून पाहिली, टीव्हीही काळा. मी मात्र निवांत होतो. वीस वर्षं शेतकऱ्यांना मोटारपंप विकतो आहे. मशीन कोणतंही असो, दुखणी तीच, असं माझं मत. टेस्टर आणला, भिंतीतला सॉकेट तपासला आणि जाहीर केलं, "फेज तर बराबर येऊन राह्यला."

"दिवे लागले ना बाबा, म्हणजे करंट आहेच," मुलगी म्हणाली.

"मंग हवा धरली असन. मोटार फिरते, पाणी उचलत नाई, तसं."

हवा धरलेल्या पंपात वरून पाणी ओततात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता त्याच्यात पाणी टाकू नका म्हणजे झालं."

दुपारी दोनपर्यंत मुलीनं फोनवर पाहून पाहून सगळे उपाय केले. ती रडली नाही, पण जेवायला बसली नाही. शेवटी तोंडाला दुपट्टे गुंडाळून आम्ही स्कूटरवर निघालो. वर्ध्यात एक बाई आपल्या घरीच लॅपटॉप दुरुस्त करतात, असं मुलीच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं.

बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी लॅपटॉप पालथा घातला, खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि जरा थांबल्या. मग चिमट्यानं पंख्यातून सोनेरी रंगाच्या गवताची एक बारीक काडी ओढून काढली. मागून आणखी एक. त्या काड्या त्यांनी कागदावर ओळीनं मांडल्या.

"भाऊ, हे कूलरच्या बाजूच्या ताट्यांतलं गवत होय. आणि हा पांढरा थर पाण्याच्या क्षाराचा. कूलरसमोर ठेवता काय?"

"नाही मॅडम," मुलगी म्हणाली. "मी तर पलीकडच्या खोलीत बसते."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

गोष्ट अशी, की तो लॅपटॉप एवढा तापायचा की त्यावर पापड भाजला असता. पोरगी दुपारी झोपली की मी तो उचलून स्टुलावर, कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवायचो आणि ती उठायच्या आत परत जागेवर. आठवडाभर. बापानं पोरीसाठी गुपचूप काहीतरी करावं, याचं मला भारी समाधान होतं.

"मीच ठेवत होतो," मी म्हणालो. "त्याले गरम होते म्हणून."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग कागदावरच्या काड्यांकडे.

"ओली हवा ओढली त्यानं," बाई म्हणाल्या. "चला, तुम्ही एकटे नाई. मागं एक जण ओल्या पोत्यावर ठेवत होते, माठासारखा."

मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर त्यांनी शाळेतला खोडरबर फिरवला, पंखे झाडले, सगळं नीट कोरडं केलं, पट्टी परत बसवली. बटण दाबलं. पडदा काळा. आणखी काळा. मी तेवढ्यात तीन देवांना नारळ बोललो. आणि पडदा उजळला.

फाइल पाठवून झाली तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. मुलीनं तिथूनच आईला फोन लावला. "झालं, आई. काही नाही, पंख्यात धूळ होती."

ती मला झाकत होती. ते मला सोसलं नाही. फोन घेऊन म्हणालो, "धूळ नव्हती. मीच कूलरसमोर ठेवत होतो."

बायकोला जराही आश्चर्य वाटलं नाही. "दुसरं कोण हाये घरात? पोरगी सकाळपासून उपाशी हाये, तिले आधी खाऊ घाला, मंग या."

नाक्यावर आम्ही गरम आलूबोंडे घेतले. मांडीवर लॅपटॉपची बॅग, एका हातात प्लेट, मिरची खाली घसरते आहे, अशी तिची कसरत चालली होती. मी हात पुढे केला, "दे, मी धरतो."

"राहू द्या बाबा," ती म्हणाली, आणि बॅग पलीकडच्या बाजूला घेतली.