माहेरच्या डोंगरावरची जाळरेषा

फाल्गुनाच्या तोंडावर लालबागच्या मसाला गल्लीत शिरलं की आधी नाक जागं होतं, मग डोळे. गोणपाटांवर पसरलेल्या मिरच्यांचा तांबडा उजेड दुकानांच्या कपाळांवर चढलेला असतो, परतलेल्या धण्यांचा खमंग वास डंकांच्या धडधडीतून अंगावर येतो, आणि वर्षाचा मसाला कुटून घ्यायला आलेल्या बायका पदराने नाक दाबून खोकत, हसत उभ्या असतात. सगळ्या मुंबईला हे दिवस मसाल्याचे वाटतात. मला ते वणव्याचे वाटतात. कारण याच दिवसांत तिकडे सिंधुदुर्गात आमच्या गावच्या डोंगरावरचं गवत वाळून सोनेरी होतं, वाळलेल्या पानांचा पातेरा पायाखाली कुरकुरू लागतो, आणि मग कुणाची तरी विझवायची राहिलेली विडी पुरते.

वणवे लागू नयेत आणि लागलेच तर गावाने काय करावं, हे शिकवण्याचा एक कार्यक्रम मी परळच्या कचेरीतून चालवते. लोक हसतात, परळला कसला आलाय वणवा! पण कोकणातल्या कितीतरी घरांना कुलपं आहेत आणि त्या कुलपांच्या किल्ल्या लालबाग-परळच्या खोल्यांत खिळ्यांना टांगलेल्या आहेत. गवत तिथे वाढतं, ते कापायची परवानगी इथे मिळते. आणि डोंगराच्या अंगावरून गवत खरवडून काढलेला तो मोकळा पट्टा, ज्याला जाळरेषा म्हणतात, तो अखंडच लागतो. एकाने जरी 'माझ्या हद्दीत नको' म्हटलं तरी आग नेमकी तेवढ्या फटीतून पलीकडे जाते.

कितीतरी गावांत मी ती रेषा आखून घेतली होती. राहिलं होतं ते माझंच माहेर. तिथल्या उतारावर बाबांनी गिरणी बंद पडल्यानंतरच्या रिकाम्या वर्षांत लावलेली काजूची झाडं आहेत. आता बाबा नाहीत, झाडं आहेत. ती वाचावीत, आणि ती मी वाचवावीत, एवढंच मला हवं होतं. यातलं दुसरं अधिक हवं होतं, हेही सांगून टाकते.

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची लालबागच्या चाळीत एक खोली आहे. शिमग्याची पालखी ठरवायला तिथे घरटी एक माणूस जमतो. घर म्हणजे अर्थात मुलग्याचं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव त्यात नसतं. आमच्या घरातर्फे बसते माझी भावजय सुप्रिया, कारण धाकटा भाऊ वर्षातले बरेच महिने बोटीवर असतो. ही सुप्रिया जन्माने गिरगावची. लग्नानंतर पहिल्यांदा गावाला गेली तेव्हा परसातल्या सरड्याला बघून किंचाळली होती. गावातलं तिला काय कळतं!

यंदाच्या सभेत तात्यांची परवानगी घेऊन मी नकाशा लावला, वारा कुठून येतो ते दाखवलं, मन लावून बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळाचे अध्यक्ष तात्या कौतुकाने म्हणाले, "बरा केलंस गो बाय! बापाशीचा नाव काढलंस. आता चाय घे." कुणी बशीत जास्तीची भजी वाढली, कुणी मुलांची चौकशी केली. नाही कुणीच म्हटलं नाही. माहेरवाशिणीला नाही कोण म्हणणार? आणि हो तरी कशाला म्हणायचं? चहा पिऊन झाला आणि विषय पालखीच्या भोयांकडे वळला.

तेवढ्यात सुप्रिया उठली. नकाशाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "आमच्या हद्दीतलं गवत मी येत्या रविवारी कापून घेणार," ती म्हणाली. "तात्या, तुमच्या परड्याचं काय?"

"तू कोण विचारणार?" तात्या एकदम कडाडले.

"मी कोण म्हणजे? शेजारीण! तुमचं गवत पेटलं तर आग आमच्यात येणार. मग मी कुणाच्या नावाने बोंब मारू?"

मग जी जुंपली! जुन्या हद्दी निघाल्या, मोडलेले दगडी गडगे निघाले, कुणाच्या म्हशीने कुणाचं कुळीथ खाल्लं तेही निघालं. खोलीत कुणी कुणाचं ऐकेना. आणि त्या गदारोळातून, कसं कोण जाणे, एकेक घर हो म्हणत गेलं. शेवटी तात्याही वैतागून म्हणाले, "काप, माझे आये, काप!"

माझ्या पोटात असं काही दुखलं म्हणता! माझं काम झालं होतं आणि मला रडू येत होतं. माझ्याशी कधीतरी कुणीतरी असं भांडायला हवं होतं. मला त्यांनी भजी दिली, तिच्याशी ते भांडले. जी आपली असते तिच्याशीच माणसं भांडतात, हे तिथे बसल्या बसल्या मला लख्ख कळलं. रविवारी गावाला गवत कापताना पट्ट्याची रुंदी मी मोजत होते, पण गवताचा भारा कुठे टाकायचा ते माणसं सुप्रियाला विचारत होती. मी उन्हाचं निमित्त करून काजूच्या सावलीत जाऊन बसले.

शिमगा झाला आणि एका भर दुपारी कचेरीत सुप्रियाचा फोन आला.

"ताई, वाचलं! पलीकडचा अख्खा डोंगर गेला, पण आग आपल्या पट्ट्यापाशी येऊन थांबली."

यावर माणसाने काय विचारावं? मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

ती हळूच म्हणाली, "तात्यांनी. ते तुम्हालाच फोन करणार होते. मीच म्हटलं, मी सांगते."

"का गं?"

"घरात ऊठसूट तुमचंच नाव असतं, ताई. भाजी खारट झाली तरी आईंना तुमच्या हातची आठवते. म्हटलं, एवढी एक बातमी तरी माझ्या तोंडून जाऊ दे."

मला आधी, खरं सांगते, अगदी मनापासून बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली, आणि मग तीही ओसरली. ज्या कौतुकासाठी ती इतकी वर्षं झुरत होती ते मला बशीतल्या भज्यांसारखं नकोसं झालं होतं, आणि मला हवं असलेलं भांडण तिला रोज, न मागता मिळत होतं. ते एकमेकींना देता येण्यासारखं नव्हतं.

"कुणाला भाजलं नाही ना?" अखेर मी विचारलं.

"नाही. काजूची झाडंही जशीच्या तशी आहेत."

"मी ते आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," सुप्रिया फणकाऱ्याने म्हणाली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याशी अशा आवाजात बोलत होती, आणि तिने तो आवाज इतक्यात खाली आणू नये म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरून ठेवला.