गुरवाच्या मुलीचं उत्तर

तारकर्लीच्या अलीकडच्या एका गावात मी घाटावरून मास्तर म्हणून आलो, साठ साल उजाडायच्या सुमारास. तापट होतो, आजही आहे. पोरं पोपटासारखे धडे म्हणत, त्याची मला भारी चीड. कुणी उत्तर दिलं की मी विचारायचो, "कशावरून?" पोरं आधी बिचकली, मग त्यांना त्याची चटक लागली. घरी माझं असं कुणी नव्हतं. जे काय होतं ते त्या वर्गात.

सगळ्यांत धीट गुरवाची मुलगी. गावात लग्न ठरायचं असो की बांधाचा तंटा, तिचा बाप देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लोक मान तुकवून घरी जात.

एकदा पाण्याचा धडा होता. मी पाट्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायला लावल्या. देव माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता, खरंच सांगतो. आधी कुठली पडेल, विचारलं.

ती म्हणाली, "कमी ओली आसा ती."

"कशावरून?"

"बापूस कौल लायता, तेवा बघलंय."

मी खुशीत शाबासकी दिली. बाकीची पोरं एकमेकांकडे बघू लागली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ज्यांना डावा कौल मिळालेला, ते गुरवाच्या दारात. डावी मुद्दाम सुकी लावलीस काय, म्हणून. बिचारा शपथा घेत होता. मग तो माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, माझा चेडू खोटा नाय बोलला. पण माका ह्याच गावात रवाचा आसा."

मुलीची शाळा सुटली. तिला कुडाळकडे मामाच्या घरी धाडलं. मी भांडलो, विनवण्या केल्या, पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. गाव करील ते राव काय करील, आणि मी तर उपरा मास्तर. ओट्यावर गप्पांना येणारेही यायचे थांबले. रविवारी दिवसभर बोलायला कुणी नसे. फार एकटं वाटायचं. कधी कधी चुलीवरच्या पेजेलाच शिव्या घालायचो.

तरी वर्ग होता. एका सकाळी मी विचारलं, आज भरती कधी, नि ते कसं ओळखता? होडीवाल्यांची पोरं ती, हे त्यांना न शिकवताच येत असणार. एकही हात वर झाला नाही. पुढे बसलेल्या एका मुलीला म्हटलं, "काय गो, येत नाही?"

"येता, गुरुजी. पण आयेन सांगल्यान, शाळेत गप रव."

मी फळ्याकडे तोंड केलं. मग पाढे म्हणायला सांगितले.