सगळ्यांच्या लग्नात वाजवणारा मधू

चार पोरांनी मिळून बँड काढला की गाणी बसायला वर्ष लागतं, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. आमची गाणी आता कोणालाच आठवत नाहीत. मलाही नाही, आणि मी त्या बँडचा ड्रमवाला होतो! पण रिसोडच्या स्टँडवर कोणी जुना माणूस भेटला की चहा यायच्या आत विचारतो, "काय म्हनते तुमचा गिटारवाला?"

गिटारवाला म्हणजे मधू. सत्तरच्या दशकात आमच्या भागात विजेवरची गिटार त्याच्या एकट्याच्याच गळ्यात होती, आणि तिच्यापायीच त्याचं लग्न अडलं होतं. वडील पंचायत समितीत शिपाई. धर्मांतरानंतर घरात आलेली पहिली सरकारी नोकरी. पोरानं ऑफिसात खुर्चीवर बसावं, एवढंच त्या माणसाचं मागणं. एका उन्हाळ्यात त्यांनी सांगून टाकलं, "या सीझनात सोयरीक जमली तं ठीक. नाई तं हे लाकूड मी इकतो."

मधूला बायकोही पाहिजे होती आणि गिटारही. त्या वर्षी तो फार घाबरलेला असायचा.

*

आमच्याकडच्याच मालेगावला एका वरातीची सुपारी मिळाली. तिथं बँड म्हणजे लाल कोट घालून पुढं चालत वाजवणारे. आम्ही मांडवात बसलेले पाहून नवरदेवाचा मामा तापला, "बसून काय वाजवता? चाला!"

मधूची गिटार वायरनं आवाज मोठा करायच्या मशीनला जोडलेली, मशीन बॅटरीला. शेवटी मशीन, बॅटरी, ड्रम आणि मी असे सगळे बैलगाडीत बसलो, आणि मधू गाडीमागून वाजवत चालायला लागला. तेवढ्यात कोणीतरी फटाक्यांची लड लावली. बैल उधळले. वायर सुटेना, गळ्यातला पट्टा निघेना. मधू दाव्याला बांधलेल्या वासरासारखा मागं पळतोय, आणि सवयीनं वाजवतोयसुद्धा.

मामा धापा टाकत आला. आता मार बसतो, असं वाटलं मला.

"पयत वाजवनारे म्या जिंदगीत पाह्यले नवते," तो म्हणाला. पुढच्या लग्नाचीही सुपारी तिथंच दिली.

*

रिसोडच्या कार्यक्रमात भर गाण्यात मधूची तार तुटली. नवी तार अकोल्याशिवाय मिळायची नाही. समोर सायकल दुकानवाले रफिकभाई बसले होते. ते उठले, दुकान उघडलं, ब्रेकच्या वायरीतला एक पदर काढून घेऊन आले. मधूनं तोच चढवला. गाणं कसंबसं पार पडलं.

रफिकभाई स्टेजजवळ आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ब्रेक तो लग गया मधूभाऊ. हवा बी पाहून देऊ का?"

*

जयंतीला मात्र मधू आपल्याच वस्तीत वाजवायचा, जीव ओतून. गायक एक कडवं म्हणायचा, की मधूची गिटार सुरू. ती थांबायचं नावच घ्यायची नाही. एकदा गयाबाई नावाची म्हातारी काठी टेकत सरळ स्टेजवर चढली आणि तिनं त्याचा हात धरला.

"बापू, तो मानूस चांगली गोष्ट सांगून राह्यला. मंधात तू कायले बोलून राह्यला?"

सगळी वस्ती हसली. मधूनं पुढचे तुकडे निम्म्यावर आणले. खरं सांगतो, तेव्हापासून तो चांगला वाजवायला लागला.

*

त्याच सीझनात एका मुलीच्या वडिलांनी मधूला नकार कळवला. नोकरी नाही, नुसती गिटार. महिन्याभरात तिचं दुसरीकडं ठरलं, आणि बँड कोणाचा? आमचाच! मी म्हटलं, जाऊ नको. मधू म्हणाला, "सुपारी घेतली हाय ना बे."

त्या दिवशी तो असा वाजवत होता, की आचारीसुद्धा झारा हातात घेऊन मांडवात येऊन उभा राहिला. जेवणं झाल्यावर मुलीचे वडील आले. डोळे भरलेले. मधूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बापू, आमी नाई म्हनलं ते बरंच झालं. जावई झाला असता, तं आज वाजवलं कोनं असतं?"

मधू त्या रात्री जेवला नाही.

*

सीझनमधलं शेवटचं स्थळ केनवडचं. मधू, त्याचे वडील आणि सोबतीला मी. येतानाच वडील म्हणाले होते, "इथं नाई जमलं तं गिऱ्हाईक पाह्यलं हाय म्या."

मुलीचे वडील शेतकरी, बोलके. म्हणाले, "आदी वाजवून दाखवा, मंग बोलू." मशीन लावली, गाव ओसरीत जमलं, आणि लाईट गेली. बॅटरी आम्ही नेलीच नव्हती. विजेवरच्या गिटारीला पोकळ पोट नसतं, त्यामुळे लाईट नसली की ती नुसती टिकटिक करते. तरी मधूनं वाजवायला घेतलं. घाम गळत होता, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"हे तं मुकी हाय," मुलीचे काका म्हणाले. लोक हसले. मधूचे वडील जमिनीकडं पाहत बसले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. सुमन तिचं नाव. पाहायला आलेल्यांसमोर पोरीनं मान वर करायची नसते, तो काळ. तिनं ट्रे खाली ठेवला, मधूच्या बाजूला बसली आणि गिटारीच्या लाकडाला कान लावला.

मधू थांबला.

"थांबले काहून?" ती म्हणाली.

तो परत वाजवायला लागला. तिचे वडील कावरेबावरे झाले. "सुमन, ऊठ वं. लाईट आली का सगळेच आयकू."

सुमननं कान उचलला नाही.

"येऊ द्या सावकाश," ती म्हणाली. "घाई कोनाले हाय?"