शनिवारच्या बाई

बाईंकडे पीएचडी करायला आलेला प्रत्येक जण आधी माझ्यासमोर उभा राहायचा. मी सातवी नापास. विद्यापीठाच्या खाडीकाठच्या केंद्रात प्रयोगशाळेतला मदतनीस. बरण्या धुवायच्या, वाळू चाळायची, औषधं मिसळायची, हे माझं काम. दर शनिवारी दुपारी बाई मला स्टुलावर बसवायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "या आठवड्यात काय केलंस ते गंगारामना सांग. त्यांना कळलं तर तुला कळलंय." एमएस्सीला पहिला आलेला पोरगा घामाघूम व्हायचा. मी मुद्दाम काही करत नसे. कळलं नाही की नाही म्हणायचो, एवढंच. त्यावरून रत्नागिरीत त्यांना 'शनिवारच्या बाई' नाव पडलं. त्यांना ते माहीत होतं.

बाई घाटावरच्या. १९९८ साली बदलून आल्या. एकट्याच होत्या, लग्न केलं नव्हतं. मासे खात नसत, पण माशाचं पोट फाडून त्याने सकाळपासून काय काय गिळलंय ते सांगायच्या. जेटीवरच्या बायका हसायच्या. "बाय, आमी खातो तो मासा, तू खातंस ती अक्कल," असं एकीने तोंडावर म्हटलं होतं. बाईंनी ते वाक्य पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

पोरांना नुसती पदवी देऊन सोडायचं त्यांना पटत नसे. नवीन आलेल्याला पहिला महिना जेटीवर लिलावाला उभं करायच्या. मग नोकरीचा अर्ज लिहायला लावायच्या, पदवीला अजून तीन वर्षं असताना. तो फाडायच्या. परत लिहायला लावायच्या. परिषदेत बोलायचं असलं की रिकाम्या खोलीत आधी मला आणि दोन खुर्च्यांना ऐकवायला लावायच्या. एवढं करून वर म्हणायच्या, "नोकरी मिळणार नाही असं धरून शिका. मिळाली तर माझं काय जातंय."

आणि खरंच मिळत नसे. जागा निघायच्या नाहीत, निघाल्या तर गोठायच्या. बाईंच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर गेलेल्या पोरांचे पत्ते. एक औषधकंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसायचा. एक बँकेत चिकटला. एकाने गुहागरकडे कोळंबीचं तळं केलं, रोग येऊन सगळी कोळंबी मेली, मग त्याने पत्ताच कळवला नाही. बाई तरी दर महिन्याला पेपरातल्या जाहिराती कापून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर पाठवायच्या. मी म्हटलं, "बाई, सोडा आता. ती पोरं बाप झाली." त्या म्हणाल्या, "बाप झाला म्हणून शिकलेलं पुसलं जात नाही."

मग नसीम आली. दाभोळची. बापाची होडी, भाऊ आखातात, घरात कॉलेजात गेलेली ती पहिली. पहिल्या शनिवारी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, शिंपल्यातल्या तिसऱ्या खाता ना? त्या राईएवढ्या असताना किती जगतात आणि किती मरतात, ते मला मोजायचंय."

"मोजून काय करणार?"

"कुठल्या महिन्यात काढायच्या नाहीत ते सांगता येईल. म्हणजे पुढच्या वर्षी पण तुमच्या ताटात येतील."

मला पहिल्या फटक्यात कळलं. असं कधी झालं नव्हतं. बाई खिडकीतून बाहेर बघत बसल्या. ती त्यांची शाबासकी.

पुढे दोन वर्षं दर महिन्याच्या उधाणाच्या ओहोटीला मी आणि नसीम भाट्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात. वाळू चाळायची, उरेल ते बरणीत भरायचं, वरून फॉर्मॅलिन ओतायचं, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची. सगळ्या बरण्या शेवटी एकदम उघडून मोजायच्या, असं ठरलेलं. ती चिखलातसुद्धा बडबडायची. "काका, मी केंद्रात लागले की तुम्हाला पहिली सुट्टी." "मला सुट्टी कशाला, मी रिटायर होणार." "मग पहिल्यांदा रिटायर." बाईंच्या मनातही तेच होतं. केंद्रात साहाय्यकाची एक जागा निघायची होती, बऱ्याच वर्षांनी. प्रबंध वेळेत दिला आणि वयाची अट ओलांडली नाही, तर ती नसीमची. त्या एकाच वेळी बाईंना मी आशा धरताना पाहिलं.

आता माझं सांगतो. फॉर्मॅलिन मी मिसळायचो. त्यात टाकणखार घालावा लागतो. नाही घातला तर ते आंबट राहतं आणि शिंपला खातं. मोठ्या शिंपल्याला वेळ लागतो, राईएवढ्याला नाही. हे मला बाईंनीच शिकवलं होतं आणि मी कितीतरी पोरांना शिकवलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी मोठा कॅन भरून ठेवला, वर्षभराचा. तेव्हा माझी बायको सिव्हिल हॉस्पिटलात होती. सकाळी तिचा डबा पोचवायचा, कामावर यायचं, संध्याकाळी परत तिच्या उशाशी. टाकणखार राहिला. राहिला म्हणजे राहिला. त्याला दुसरं नाव नाही.

वर्षाने बरण्या उघडल्या. पहिल्या वर्षाच्या ठीक होत्या. दुसऱ्या वर्षाची पहिली बरणी नसीमने उजेडात धरली आणि म्हणाली, "बाई, यात कायच नाय." होतं. मऊ मऊ ठिपके होते, शिंपल्याशिवायचे. शिंपला नाही तर मोजायचं काय? दुसरी उघडली, तिसरी उघडली. बाईंनी कागदाची पट्टी बुडवली, ती लाल झाली. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग नसीमला म्हणाल्या, "तो कॅन मी केला होता. तू दाभोळला गेली होतीस तेव्हा. टाकणखार माझ्याकडून राहिला."

मी तिथेच उभा होतो. हातात चाळणी होती. तोंड उघडलं नाही.

नंतर सामानाच्या खोलीत मी म्हटलं, "बाई, असं कशाला सांगितलंत?"

"चौकशी लागली असती. तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत आणि घरात आजारी माणूस आहे. गप्प बसा."

"पोरीचं काय?"

"पोरीचं मी बघते."

बघितलं त्यांनी. मुदतवाढीसाठी अर्ज केले, एसटीने चार-पाच वेळा विद्यापीठात गेल्या, दारांबाहेर बसल्या. एकाने त्यांना विचारलं म्हणे, "स्वतः मार्गदर्शक असून एवढी साधी चूक?" ते त्यांनी मला सांगितलं नाही, बरोबर गेलेल्या कारकुनाने सांगितलं. मुदतवाढ मिळाली नाही. जागा दुसऱ्याला गेली. बाई नसीमला म्हणाल्या, "जागा गेली, काम गेलेलं नाही. एक वर्ष परत करू. बारा ओहोट्या फक्त." नसीम म्हणाली, "बारा ओहोट्या तुम्ही करा बाई. घरच्यांना किती वेळा थांबवू मी? तुमच्या भरवशावर थांबवलं होतं." आवाज चढवला नाही तिने. वह्या टेबलावर ठेवल्या आणि गेली. दोन महिन्यांत तिचं लग्न झालं, गावातच.

जिच्यासाठी नोकरी जपली, ती माझी बायको त्याच वर्षी गेली. चाळीस वर्षं तिने मला खोटं बोलताना एकदाही पकडलं नव्हतं, कारण मी बोलत नसे. हे एवढंच तिला सांगितलं नाही. तिच्यानंतर मला भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा तरी दाभोळला जायला हवं होतं. नाही गेलो. उद्या उद्या करत रिटायर झालो. पेन्शन सुरू झाली. तरी नाही गेलो. लोक म्हणतात दुःखात माणसाला सुचत नाही. मला सगळं सुचत होतं.

बाईही रिटायर झाल्या. घाटावर परत गेल्या नाहीत, तिथे कोण होतं त्यांचं. इथेच दोन खोल्या घेऊन राहिल्या. मी आठवड्यातून एकदा जायचो, बाजार आणून द्यायचो. त्या नसीमला पत्र लिहायच्या, सोबत जाहिराती. कुठे शाळेत विज्ञानाची बाई हवी, कुठे मत्स्य खात्यात तात्पुरती जागा. पेटीत मीच टाकायचो. उत्तर कधी आलं नाही. एकदा बाई म्हणाल्या, "रागावलीय. बरोबर आहे तिचं." मी म्हटलं, "मी जाऊन सांगतो खरं काय ते." चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आता सांगून तुम्हाला हलकं वाटेल. तिला काय मिळेल?" मला तेवढंच हवं होतं. बाईंनी नको म्हटलं, असं मनाशी धरून मी घरी आलो.

गेल्या पावसानंतर बाईंना ताप आला तो उतरलाच नाही. आठव्या दिवशी गेल्या. खांद्याला आम्ही केंद्रातले जुने चार, आणि तो बँकवाला. बाकी पत्त्यांवर मी कार्डं टाकली. नसीमला कार्ड टाकलं नाही. एसटीत बसलो.

ती अंगणात होती, कडेवर मुलगी. जाडी झालीय थोडी. मला बघून हसली, "काका, तुम्ही कसे काय?" मी बसलो नाही. उभ्या उभ्या दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी टाकणखाराची, मग बाई गेल्याची. उलट क्रमाने सांगितल्या असत्या तर टाकणखाराची माझ्याने सांगवली नसती.

तिने मुलीच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "सहा वर्षं मी त्या बाईला शिव्या दिल्या, काका. तुम्ही दर आठवड्याला त्यांच्याकडे जात होतात ना?"

"हो."

"शेवटी माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

काहीतरी चांगलं बनवून सांगता आलं असतं. मी म्हटलं, "काही नाही. शेवटी त्यांना कोणी ओळखू येत नव्हतं."

नसीम मुलीला घेऊन आत गेली. सासूने चहा आणून दिला. ती परत बाहेर येईल म्हणून मी चहा सावकाश प्यालो. मग सासूच दारात आली आणि म्हणाली, "काका, तुमची गाडी चुकेल."