आधी सांगतो, मी घाबरलोय

सतरा मे, शनिवार. दुपारी मी सोसायटीच्या गच्चीवर लाइफ जॅकेटं धुऊन वाळत घालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकुमला जाऊन खाडीत दोन होड्या उतरवून बघायच्या होत्या आणि त्यातली एक सोसायटीसाठी ठरवायची होती. दोन्ही अल्युमिनियमच्या, लहान, मागे इंजिन लावायच्या. एकीचं बूड परातीसारखं सपाट, दुसरीचं मधोमध खाली निमुळतं होत गेलेलं. ही चाचणी रेगेकाका घेणार होते. पण रेगेकाका मार्चमध्ये गेले. सोसायटीची सेक्रेटरी मी, म्हणून काम माझ्याकडे आलं. मला पोहता येत नाही.

रेगेकाकांनाही येत नव्हतं. ते आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये, तळमजल्यावर एकटे राहायचे. ठाण्यात एका कंपनीत स्टोअरकीपर होते, निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. कुठल्याही लग्नाला गेले की वधूवरांना भेटायच्या आधी हॉलला दुसरं दार कुठे आहे ते शोधून यायचे. "पाकीट नंतर, दार आधी," म्हणायचे. मग त्या दाराशेजारची खुर्ची धरून जेवणाची वाट बघायचे. लोक हसायचे. काकांना त्याचं काही वाटत नसे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी सांगतो, मी घाबरलोय. आता बोलतो."

त्यांची मुलगी डोंबिवलीला सहाव्या मजल्यावर राहते. ती दर पावसाळ्यात बोलवायची. काका जायचे आणि दोन दिवसांत परत. मी विचारलं, "तिथे तर पाण्याचा प्रश्नच नाही, काका." तर म्हणाले, "पाणी नाही, पण लिफ्ट आहे ना."

आमची सोसायटी कल्याणात, नदीच्या अंगाला. पाऊस आणि भरती एका वेळी आली की गल्लीत पाणी चढतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण चार वर्षांपूर्वी ते ज्या वेगाने चढलं, तसं कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी मी पोहे परतत होते. मोरीच्या जाळीतून काळं पाणी उलटं वर आलं. गॅस बंद करून सासूबाईंना पलंगावरून उठवेपर्यंत ते घोट्यापर्यंत, आणि दार उघडलं तेव्हा गुडघ्यापर्यंत. मीटरच्या खोलीतून तडतड ऐकू येत होती. जिन्याकडे जायचं तर त्या खोलीवरूनच जावं लागतं. कुणाची हिंमत होईना. आम्ही तळमजल्यावरची माणसं मागच्या ओट्यावर उभी राहिलो आणि पाणी ओट्यावर आलं.

जवळच्या कोळीवाड्यातून एक नाखवा आपली लाकडी होडी घेऊन आला. त्याने आम्हाला भराभर आत घेतलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीची जाळी वरच्यांनी उघडून ठेवली होती. तिथून माणसं आत ओढून घ्यायची, असं ठरलं. होडी गॅलरीखाली लागली. आमच्यातल्या एकीने घरातले देव तबकात घालून, पदराखाली धरून आणले होते. ती म्हणाली, "आधी देव घ्या गं." वरून हात आले. तबक वर द्यायला ती उठली, तिला धरायला दुसरी उठली, देवांना हात लागावा म्हणून आणखी दोघंतिघं उठली. मीही उठले. सगळी एकाच बाजूला.

होडी कलली. पायाखालची फळी निघून गेल्यासारखी. नाखवा ओरडला, "बसा गो बायांनू, खाली बसा!" कुणी ऐकेना. सासूबाई सरळ पाण्यात गेल्या. त्यांचा अंबाडा तेवढा वर दिसत होता, तोच मी धरला. होडीची कड पाण्याला टेकली आणि पाणी आत यायला लागलं. तेवढ्यात मागून एक आवाज आला, लहान मुलासारखा चिरका: "मी घाबरलोय! मला फार भीती वाटतेय हो! बसा ना सगळे!"

रेगेकाका. होडीच्या तळाशी मांडी घालून, दोन्ही हातांनी फळी कवटाळून, डोळे गच्च मिटून बसलेले. एवढा मोठा माणूस असा ओरडताना बघून सगळी चपापली आणि मटकन बसली. होडी सावरली. सासूबाईंना आत ओढून घेतलं. देव आधीच वर पोचले होते.

त्यानंतर सोसायटीने स्वतःची होडी घ्यायचं ठरवलं. ठरवायला आणि मंजुरी मिळवायला वर्षं गेली, ते सोडा. मीटिंगमध्ये सगळ्यांचं मत सपाट बुडाच्या बाजूने पडलं, माझंही. माझं म्हणणं सरळ होतं. आमच्या गल्लीत पाणी सुरुवातीला गुडघाभरच असतं, खाली स्कूटरी बुडालेल्या असतात, कंपाउंडची भिंत असते. सपाट होडी कमी पाण्यातही चालते, माणसंही जास्त घेते. निमुळत्या बुडाची घासणार, अडकणार.

काका उभे राहिले. "आधी सांगतो, मी घाबरलोय. सेक्रेटरीबाई, तुमचं गल्लीचं बरोबर आहे. पण मला गल्लीची भीती नाही. मला गॅलरीची आहे. आपली माणसं गॅलरीखाली आली की उभी राहणार. तुम्हीसुद्धा राहिलात."

"मग काय करायचं म्हणता?" अध्यक्ष वैतागून म्हणाले.

"दोन्ही बघू या. पण पोहणारी माणसं बसवून नाही. आपल्यासारखी बसवून."

मग मी आणि काका बाळकुमला गेलो. खाडीकाठच्या शेडमध्ये दोन्ही होड्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवल्या होत्या. विकणारे भोईर म्हणून गृहस्थ, गळ्यात जाड चेन, बोलायला गोड. त्यांनी काकांना सपाट होडीत चढवलं. "बघा काका, घरातल्या लादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं की नाही?"

काका लगेच खाली बसले. "किती माणसं एका बाजूला गेली की ही उलटते?"

"अहो काका, शुभ बोला की."

"मी अशुभ बोलायलाच आलोय. शुभ बोलायला या बाई आहेत."

भोईर हसले. काका हसले नाहीत. उतरताना दोन्ही होड्यांच्या पत्र्यावर हात फिरवून मला म्हणाले, "जमिनीवर दोघी शहाण्या दिसतात. पाण्यात बघायला हवं. मी बसेन."

"तुम्ही? काका, तुम्हाला जमेल?"

"जमणार नाहीच. पण मी घाबरणार ते घाबरणारच, घरी बसून काय आणि होडीत बसून काय. निदान कामाला तरी येईल."

चाचणी उन्हाळ्यात घ्यायचं ठरलं. मार्चमध्ये एका दुपारी काकांच्या छातीत दुखायला लागलं. मी रिक्षा आणली. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवर असतानाही त्यांची मान वळून वळून मागे बघत होती. मला कळलं. म्हटलं, "डाव्या हाताला आहे, काका. जिन्याशेजारी." त्यांनी मान सरळ केली. संध्याकाळी गेले.

शनिवारी रात्री मला नीट झोप लागली नाही. मी भित्री नाही, असं लोक म्हणतात, मीही म्हणत आलेय. पण डोळे मिटले की तो पाण्यावरचा अंबाडा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरची आम्ही सहा माणसं बाळकुमला गेलो. आधी सपाट होडी. चढताना ती जराही हलली नाही. किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर सगळी सैलावली. एकीने उभं राहून फोटो काढला. दुसरी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी खाली बघितलं. पाणी हिरवट, तळ दिसत नव्हता. काकांनी सांगितलेलं तसं मी ओरडले, "गॅलरी!" ठरल्याप्रमाणे सगळे उठून डाव्या कडेला गेले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग आणखी अर्धं पाऊल, आणि होडी एकदम गेली. खाडी कडेवरून आत आली. इंजिनवरच्या माणसाने स्वतःला उजवीकडे झोकून दिलं म्हणून वाचलो. मी गुडघ्यांवर पडले होते.

ओल्या साड्यांनी दुसरीत चढायला कुणी तयार होईना. मी पाय टाकला तशी ती डुलली. मागे वळून मी सगळ्यांना म्हणाले, "आधी सांगते, मी घाबरलेय."

कुणी हसलं नाही. एकेक करून आली. प्रत्येक पावलाला ती डुलली, प्रत्येक जण किंचाळून खाली बसला आणि बसलेलाच राहिला. आत गेल्यावर मी "गॅलरी!" ओरडले, तर कुणी उठेना. शेवटी मीच उठले. मग माझ्याकडे बघून नाइलाजाने बाकीचे उठले. होडी कलली, मी डोळे मिटले. कलली आणि तिथेच थांबली. खाडी कडेच्या खाली राहिली.

किनाऱ्यावर भोईर म्हणाले, "मॅडम, हिच्यात लोक घाबरतात हो. सपाट घ्या, आरामात बसतील."

"आरामात उभी राहतात," मी म्हणाले. "ही द्या. भिंतीला घासली तर पोचे पडतील, पडू देत."

रिक्षात बसल्यावर सासूबाईंना फोन केला, होडी ठरली म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "डुलते का गं?"

"हो," मी म्हणाले. "चढतानाच डुलते."