चाळिसावं बेअरिंग

आमच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या गोदामात एक स्टोअरकीपर आहेत. रोज चहाआधी ते एकच रॅक मोजतात. महिन्याभरात सगळं गोदाम मोजून झालं की पुन्हा पहिल्या रॅकपाशी हजर. कॉम्प्युटर माझ्याकडे असतो, पण मोजण्याआधी मी आकडा सांगितलेला त्यांना खपत नाही.

"म्याडम, आधी आकडा कळला की डोळं तेवढंच मोजत्यात!" हे ते एवढ्या मोठ्यानं सांगतात की दारातला टेम्पोवाला दचकतो.

परवा बेअरिंगं एकोणचाळीस भरली. कॉम्प्युटर म्हणे चाळीस. त्यांनी शिरोळला निघालेला टेम्पो अडवला, बांधलेली खोकी सोडायला लावली, मॅनेजरसाहेबांचे खिसेसुद्धा तपासले.

"चोरी न्हाय, चूक हाय. पर हाय कुठं?"

तासाभरानं हरून ते आकडा लिहायला टेबलाशी आले. मोजणीचे कागद पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेलं वजन त्यांनी उचललं. ते बेअरिंग होतं.

हसायची हिंमत कुणाचीच झाली नाही. त्यांनी ते रॅकमध्ये नेऊन ठेवलं, चाळीसही पुन्हा मोजली आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "जावा पावणं."

मग माझ्याकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, यादीत एक रॅक वाढवा. माझं टेबल."