शून्य म्हणजे एकदा

कानविंदे सर झोपेतच गेले, तेव्हा लोकांनी दादूला विचारलं, "सरांच्या नातेवाइकांना कुठे कळवायचं?" दादूला ते ठाऊक नव्हतं. चार वर्षं रोज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर दोघं भेटत. पण सर गणित शिकवत आणि एकटेच राहत, यापलीकडे त्याने कधी काही विचारलं नव्हतं.

सर ओल्या वाळूत वाडग्यासारखा अन्वस्त वक्र काढत, त्याला काठी टेकवत आणि विचारत, "दादू, रेषा किती ठिकाणी भेटते?" होडीवर जन्म काढलेला दादू नजरेनेच सांगे. सर समीकरण मांडून पडताळत.

सर गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी काठी वक्राला जेमतेम लागली होती. सरांनी समीकरणाचा विवेचक काढला; त्यावरून भेटी किती ते कळतं. शून्य आला.

"म्हंजे भेट नाय," दादू म्हणाला.

"अरे खुळ्या, ऋण आला तर भेट नाही. धन आला तर दोनदा. शून्य म्हणजे एकदाच, पण भेटते!" मग वाळूकडे बघतच सर म्हणाले, "आज चहाला येतोस?"

अंगाला मासळीचा वास, म्हणून दादू दर वेळी टाळायचा. त्या दिवशी "एकदाच हां," म्हणत तो गेला.

सरांनी स्वतः चहा केला. कपाटातला दुसरा कप धुळीने भरला होता. तो त्यांनी दोनदा विसळला.

निघताना सर दारात म्हणाले, "साखर जास्त झाली का रे?"

"नाय वो सर, बरी व्हती."